बहीण कॅलिफोर्नियात, 4 वर्षांच्या मुलाला ऑटिझम, जवळ घरचं कोणी नाही: तिला मदत कुठे मिळेल?

तिला सांगा की तिच्या भागातल्या रीजनल सेंटरला (ऑटिझमसारख्या अडचणी असलेल्यांना सरकारी पैशाने मदत मिळवून देणारी संस्था) आजच फोन करून 'इनटेक', म्हणजे नोंदणीची पहिली भेट, मागायची, आणि नंतर आईसाठी 'रेस्पाइट'चे तास आवर्जून मागायचे, म्हणजे आठवड्यातले काही तास मुलाला सांभाळायला माणूस येतो आणि तिला झोपता येतं, जे काम आपल्याकडे आजी, मावशी, शेजारच्या काकू न सांगता करतात. मी हे खात्रीने सांगतेय कारण तिथे अशा मदतीचा हक्क देणारा 1969 चा लँटरमन कायदाच आहे, अशी 21 सेंटर्स आहेत, तपासणीचे पैसे लागत नाहीत, व्हिसा कुठला हेही आड येत नाही. मूल 3 वर्षांच्या पुढचं असल्याने तपासणीला 120 दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून उशीर नको. शाळेची मदत वेगळी, ती स्कूल डिस्ट्रिक्टकडे (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं कार्यालय) लेखी मागायची. फक्त एक, नुसतं निदान पुरत नाही, बोलणं, शिकणं, स्वतःचं आवरणं अशा किमान 3 गोष्टींत मोठी अडचण दिसावी लागते (5 वर्षांखालच्या मुलाला तात्पुरती पात्रता 2 गोष्टींवरही मिळू शकते), तर तिने रोजच्या अडचणी आधीच लिहून ठेवाव्यात, आणि तिथे 'तसं ठीक आहे हो' असं आपल्या सवयीने अजिबात म्हणू नये.