थेट विमान, एका तिकिटावरचं कनेक्शन की दोन वेगळी तिकिटं?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेकीचं परदेशातलं शिक्षण पूर्ण होतंय, पदवीदानाची तारीख ठरलीय आणि तुम्ही, तुमचे यजमान, धाकटा मुलगा आणि पंचाहत्तरी गाठलेल्या सासूबाई असे चौघं जाणार आहात. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत. थेट विमान, फुल-सर्व्हिस कंपनीच्या इकॉनॉमीत एका तिकिटावर एक थांबा घेऊन जाणं, किंवा दोन लो-कॉस्ट कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं स्वतःच जोडणं. यजमानांचा कल तिसऱ्याकडे आहे, तुमचा पहिल्याकडे, आणि थेट विमानाचे जादा पैसे संकटकालीन निधीतून काढावेत की हप्त्यांवर भरावेत, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगते: मधला पर्याय घ्या, निधीला हात लावू नका आणि दोन दिवस आधी पोहोचा. आता कारणं.

भाडी रोज बदलतात, म्हणून तुम्ही पाठवलेले आकडे मी प्रमाणात मांडते. थेट विमानाचं माणशी जाण्या-येण्याचं भाडं १०० धरलं, तर एका तिकिटावरचं कनेक्शन ७२ ला पडतं आणि दोन वेगळी तिकिटं ५८ ला. चौघांचे अनुक्रमे ४००, २८८ आणि २३२. यजमानांना दिसतेय ती ५६ ची बचत. पण त्या ५८ मध्ये चेक-इन बॅग धरलेली नाही, हे तुमच्याच तक्त्यात खाली बारीक अक्षरात आहे. कंपन्या दोन, प्रवास जाण्या-येण्याचा, म्हणजे एकाच बॅगेचे पैसे चारदा भरायचे. दर वेळचे अडीच धरले तर माणशी १० आणि चौघांचे ४०. उरली बचत १६. चौघांना शेजारी बसायचं असेल तर सीट निवडण्याचे पैसे निराळे, विमानातलं जेवण निराळं. म्हणजे ही १६ सुद्धा पूर्ण हातात राहतील असं नाही.

आता या १६ च्या बदल्यात तुम्ही काय पत्करताय ते बघा. तिकिटं वेगवेगळी असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुमचं पहिलं विमान अस्तित्वातच नसतं. पहिलं उशिरा उतरलं आणि दुसरं सुटलं, तर तुम्ही 'आलाच नाहीत' अशी नोंद होते. पैसे बहुतेक वेळा बुडतात आणि ते जाण्या-येण्याचं तिकीट असेल तर परतीचा भागही अनेकदा रद्द होतो. त्याच दिवशी काउंटरवर चौघांची नवी तिकिटं काढायची म्हटलं तर एका बाजूचे माणशी ३० तरी धरा. झाले १२०. सात वेळा असा प्रवास करून दर वेळी १६ वाचवले, तर ११२ जमतात, आणि एकदाच विमान चुकलं तरी ते सगळे जाऊन वर ८ खिशातून जातात.

विमान इतक्या वेळा चुकतं का? कदाचित नाही. एकटा, पाठीवर एक सॅक आणि हाताशी मोकळा वेळ असलेल्या तरुणाला मी हा पर्याय खुशाल घ्या म्हणेन. पण तुमचा प्रश्न सरासरीचा नाही, सोसण्याचा आहे. १२० चा फटका एका रात्रीत, परक्या विमानतळावर, वयस्क माणूस सोबत असताना सोसायची तुमची तयारी नाही. ती तयारी नसेल तेव्हा ठरलेली छोटी रक्कम मोजून मोठी जोखीम दुसऱ्याच्या गळ्यात घालावी. आरोग्य विमा घेताना तुम्ही हेच केलंत.

एका तिकिटावरच्या कनेक्शनमध्ये नेमकं हेच विकत मिळतं. जेवणाचा ट्रे, समोरची स्क्रीन, पांघरूण हे सगळं ठीक आहे, पण त्यासाठी जास्त पैसे देऊ नका असंच मी सांगेन. पैसे द्यायचे ते शेवटच्या मुक्कामापर्यंत पोहोचवण्याच्या जबाबदारीसाठी. दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगमध्ये, एकाच पीएनआरखाली असतील आणि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर कंपनी पुढच्या उपलब्ध विमानात तुम्हाला नवं भाडं न घेता बसवते. युरोपीय संघाचा २००४ चा नियम क्रमांक २६१ तर एका बुकिंगमधला उशीर शेवटच्या मुक्कामाला किती झाला यावर मोजतो. तीन तास वा त्याहून जास्त उशीर झाला आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मिळू शकते. हा नियम तिथून सुटणाऱ्या सगळ्या विमानांना लागतो, तिथे जाणाऱ्यांपैकी मात्र फक्त तिथल्याच कंपन्यांच्या विमानांना. तुमचा मार्ग त्यात बसतो का ते बघून ठेवा. आणि एक लक्षात असू द्या, विमानतळावरच्या दुकानांत रेंगाळल्यामुळे गेट बंद झालं तर ही जबाबदारी कंपनीची नाही.

बुकिंग करताना 'एकच तिकीट' आहे ना, हे डोळ्यांनी तपासा. काही संकेतस्थळं दोन वेगळी तिकिटं एकाच पानावर, एकाच किमतीत दाखवतात आणि कोपऱ्यात 'सेल्फ ट्रान्स्फर' असं लिहितात. ते दिसलं की समजा, हा यजमानांचाच पर्याय नव्या कपड्यांत आलाय. त्यापेक्षा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तिकीट काढा. मध्ये एजन्सी असली की अडचणीच्या वेळी कंपनी एजन्सीकडे बोट दाखवते आणि एजन्सी कंपनीकडे.

भाड्याचा प्रकारही वाचा. फुल-सर्व्हिस म्हटलं की बॅग आलीच, हे आता खरं नाही. 'लाइट' किंवा 'बेसिक' नावाच्या सगळ्यात स्वस्त भाड्यात अनेक कंपन्या चेक-इन बॅग देत नाहीत, तारीख बदलू देत नाहीत आणि रद्द केलं तर जवळजवळ काहीच परत करत नाहीत. तुमचे ७२ बॅगेसकट आहेत का, हे मला पत्रावरून कळलं नाही. नसतील, तर एक पायरी वरचं भाडं आणि 'लाइट अधिक बॅग' यांची बेरीज शेजारी शेजारी मांडा. वरच्या भाड्यात तारीख बदलायची सोयही मिळत असेल तर थोडं जास्त द्यायला हरकत नाही, कारण पदवीदानाच्या तारखा सरकू शकतात.

आता थेट विमान. तुमचा मुद्दा मी हलका मानत नाही. सासूबाईंना एकदाच बसवायचं आणि एकदाच उतरवायचं, हा दिलासा मोठा आहे. पण त्याची किंमत ११२ आहे आणि ती तुमच्या निधीतून जाणार आहे. तुम्हीच लिहिलंय की निधीत चार महिन्यांचा घरखर्च आहे आणि एवढे काढले तर तीनच महिन्यांचा उरेल. घरात एकाच्याच पगारावर सगळं चालतं, तेव्हा चार महिनेसुद्धा मला कमीच वाटतात. कनेक्शनमुळे एका बाजूला पाच तास जास्त लागतात. चौघांचे दोन्ही बाजूंचे मिळून ४० तास, म्हणजे एक तास वाचवायला साधारण २.८ मोजायचे. त्या तासांत तुमची कमाई बुडत असती तर गोष्ट वेगळी होती. पण यजमानांची भरपगारी रजा शिल्लक आहे आणि मुलाला सुटी आहे. हे तास थकवणारे आहेत, पण कमाई बुडवणारे नाहीत.

थेट विमान घेण्याचं तुमचं दुसरं कारण होतं, समारंभ चुकण्याची भीती. त्यावर थेट विमान हा महागडा उपाय आहे. थेट विमानही रद्द होतं. दोन दिवस आधी पोहोचलात तर एक विमान चुकलं, बॅग मागे राहिली, तरी समारंभाला तुम्ही हजर असाल. दोन जादा रात्रींचं राहणं ११२ च्या जवळपासही जाणार नाही. परतीच्या प्रवासात अशी घाई नाही, तिथे एक दिवस इकडेतिकडे झाला तर चालेल.

सासूबाईंच्या डॉक्टरांनी थांबा घेऊ नका असं स्पष्ट सांगितलं, तर मात्र माझं मत बदलेल. तेव्हाही चौघांनी थेट जायची गरज नाही. दोघं थेट, दोघं कनेक्शनने, असं केलं तर एकूण ३४४ होतात, म्हणजे जादा ११२ ऐवजी ५६ लागतील. डॉक्टरांची हरकत नसेल, तर बुकिंग करतानाच व्हीलचेअरची मदत मागून ठेवा आणि निघण्याच्या किमान ४८ तास आधी पक्की करा. सहसा त्याचे पैसे पडत नाहीत आणि सुरक्षा तपासणीपासून पुढच्या गेटपर्यंत सोबत माणूस असतो.

थांबा किती वेळाचा हवा, याबद्दल आग्रहाने सांगते. कंपन्या विमानतळासाठी ठरवलेल्या किमान वेळेपेक्षा कमी वेळेचं कनेक्शन विकत नाहीत, पण ती वेळ म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं तर पुरेल एवढीच. व्हीलचेअर, पुन्हा सुरक्षा तपासणी, कदाचित टर्मिनल बदलणं, हे धरून तुम्ही अडीच ते चार तासांचा थांबा निवडा. सव्वा तासाचं कनेक्शन थोडं स्वस्त दिसलं तरी सोडा. शिवाय आपलं दुसरं विमान चुकलं तर त्याच दिवशी त्या मार्गावर पुढचं आहे का, ते वेळापत्रकात बघा. दिवसाला एकच विमान असेल तर चुकल्यावर २४ तास अडकाल. दिवसाला तीन असतील आणि तुमचं पहिलं असेल, तर संध्याकाळपर्यंत पोहोचाल. दोन कनेक्शनांचे भाव सारखे असतील तेव्हा मी याच एका गोष्टीवर निवड करते.

बॅगेचं म्हणाल, तर कनेक्शनमध्ये ती मागे राहण्याची शक्यता खरंच जास्त. विमान कंपन्यांना आणि विमानतळांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या 'सिटा' या संस्थेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे ६.९ बॅगांचा घोळ झाला आणि उशिरा आलेल्या बॅगांपैकी ४६ टक्के विमान बदलताना मागे राहिल्या होत्या. म्हणून समारंभाचे कपडे, सासूबाईंची औषधं आणि त्यांची चिठ्ठी हातातल्या बॅगेतच ठेवा. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या आणि गरजेच्या खरेदीच्या पावत्या जपा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल करारानुसार हरवलेल्या वा उशिरा आलेल्या सामानासाठी कंपनीची जबाबदारी माणशी १,५१९ एसडीआरपर्यंत असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. ही मर्यादा डिसेंबर २०२४ अखेरपासून लागू आहे. सामान मोडलं असेल तर लेखी दावा ७ दिवसांत, उशिरा आलं असेल तर हातात पडल्यापासून २१ दिवसांत करावा लागतो.

पैसे भरण्यापूर्वी थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते तपासा. अमेरिकेतून नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं, आणि बाहेरून येताना बॅग सहसा तिथे उचलून पुन्हा द्यावी लागते. चौघांच्या व्हिसाची फी धरली की एखादं 'स्वस्त' कनेक्शन महाग पडतं. प्रवास विमाही तिकिटासोबतच घ्या, पण कनेक्शन चुकल्यास काय मिळतं ते कलम वाचून.

हप्त्यांबद्दल थोडक्यात. २८८ तुमच्याकडे प्रवासासाठी बाजूला काढलेले आहेत, मग हप्त्यांचा प्रश्नच उरत नाही. 'बिनव्याजी' हप्त्यांत प्रक्रिया शुल्क असतं किंवा एकरकमी भरल्यावर मिळणारी सवलत जाते. लेकीचा सोहळा आटोपून घरी आल्यावर वर्षभर त्याचे हप्ते भरत बसावं, असं मला तुमच्यासाठी मनापासून वाटत नाही.

तिकीट काढल्यावर कंपनीच्या ईमेलवर लक्ष ठेवा. प्रवासाला काही महिने असले की वेळापत्रक बदलतं आणि तुमचा तीन तासांचा थांबा गुपचूप पन्नास मिनिटांचा होऊ शकतो. ईमेलमधलं 'मान्य आहे' हे बटण सवयीने दाबू नका. बदल कंपनीने केलेला असेल, तर बहुतेक वेळा जवळचं दुसरं सोयीचं विमान फुकट मागता येतं आणि बदल मोठा असेल तर पैसेही परत मिळतात. फोन करा, त्याच दिवसाचं आधीचं पहिलं उड्डाण मागा आणि नवं तिकीट ईमेलवर आल्याशिवाय फोन ठेवू नका.