खिडकीच्या आतल्या माणसास

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

परीक्षा विभागातली नोकरी सोडून एखाद्या सेवाभावी संस्थेत जावं, असं तुझ्या मनात घोळतंय हे तुझ्या आईकडून कळलं. लोकांच्या उपयोगी पडावंसं तुला वाटतं, याचा मला अभिमान आहे. पण त्यासाठी ते टेबल सोडावं लागतं हे मला मान्य नाही. उभी नोकरी विद्यापीठाच्या कचेरीत काढून मी हे सांगते आहे, आणि साक्षीला महर्षी धोंडो केशव कर्वे यांना उभं करते आहे.

कर्व्यांचं नाव निघालं की विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, भारतरत्न एवढं आपल्याला आठवतं. मला ते त्याहून जास्त दिसतात ते एक पक्के प्रशासक म्हणून. वर्गणीदारांच्या याद्या, पावत्या, पै-पैचा हिशेब, लोकांच्या नाकदुऱ्या आणि पायपीट, यांतच त्यांचं आयुष्य गेलं. तू ज्याला कारकुनी म्हणतोस ना, तेच.

त्यांच्या लहानपणची एक हकीकत परीक्षा विभागातल्या प्रत्येकाला रुजू होतानाच सांगायला हवी. 1875 सालची गोष्ट. मुरूडच्या या मुलाला सहावीच्या, म्हणजे तेव्हा सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या, परीक्षेला बसायचं होतं आणि केंद्र होतं साताऱ्याला. कोकणातून घाट चढून सुमारे 110 मैल, तेही पावसाच्या दिवसांत. दोन-चार सोबती घेऊन हा मुलगा चालत गेला. परीक्षेला बसण्यासाठी वयाची सतरा वर्षं पूर्ण असावी लागत. याची ती झाली होती, पण अंगकाठी लहान. समोरच्या अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, तू सतराचा दिसत नाहीस म्हणून सांगितलं आणि परत पाठवलं. एक वर्ष गेलं. त्या अधिकाऱ्याने लाच मागितली नव्हती, शिवीगाळही केली नव्हती. त्याने फक्त एक नकार दिला आणि पुढचं नाव पुकारलं. त्याच्या लेखी ते अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

तुझ्या खिडकीवर रोज असं कुणीतरी येतं. त्यांच्या पायांना लागलेली वाट काचेतून दिसत नाही.

पुढे हाच मुलगा मुंबईला शिकला आणि 1891 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आला. 1893 साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला. पुण्याजवळ हिंगण्याला रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जागा आणि झोपडीसाठी साडेसातशे रुपये दिले, तेव्हा आश्रमाला स्वतःचं छप्पर मिळालं. दिवसा कॉलेजात गणित, संध्याकाळी चिखल तुडवत हिंगणे. आश्रमाला लागणारं सामानही पुष्कळदा त्यांच्याच खांद्यावर असे.

1914 साली ते कॉलेजातून निवृत्त झाले. वय छप्पन्न. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनची कागदपत्रं आणि गुडघेदुखी घेऊन बसतो. कर्व्यांचं यापुढचं आयुष्य अठ्ठेचाळीस वर्षांचं होतं. 1915 च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि 1916 साली ते उभं केलं. कुलपती डॉ. रा. गो. भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे. मानाच्या दोन्ही खुर्च्या दुसऱ्यांना दिल्या आणि आपण झोळी घेऊन देशभर फिरले. त्या विद्यापीठाचे नियम तू सवडीने पाहा. शिकवण्याचं माध्यम मातृभाषा. ज्यांना घर सोडून येणं शक्य नाही, त्यांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसायची सोय. साताऱ्याहून परत फिरलेला मुलगा त्या नियमांत मला स्पष्ट दिसतो. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी आईच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. तरी कायद्याची मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. तोवर तिथली पदवी सरकारदरबारी चालत नव्हती, आणि तरीही मुली शिकत होत्या, परीक्षा होत होत्या, निकाल लागत होते. ही व्यवस्था इतकी वर्षं कुणीतरी टेबलावर बसूनच चालवली ना?

त्यांच्या कामाला मर्यादा होत्या. आश्रम सुरुवातीला ब्राह्मण विधवांपुरताच होता, आणि मुलींसाठी वेगळा, गृहजीवनाकडे झुकणारा अभ्यासक्रम ठेवण्यावर तेव्हाही टीका झाली. मला ती टीका बरीचशी पटते. त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे केली, तेव्हा त्या त्यागाची झळ बायांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, आणि मुलांना लागली. परोपकाराचं बिल पुष्कळदा घरची बाई भरते. तू संस्थेत जायचं म्हणतोस तेव्हा याचाही विचार कर. पण कर्वे एका जागी थांबले नाहीत, हे मला मोठं वाटतं. सत्तरी उलटल्यावर विद्यापीठाची ओळख करून द्यायला युरोप, अमेरिका, जपान केलं. 1936 साली खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं आणि पुन्हा दारोदार वर्गणी. 1944 साली, शहाऐंशीच्या घरात, समता संघ. 1958 साली शंभरी आणि भारतरत्न. 9 नोव्हेंबर 1962 ला पुण्यात गेले.

आता तुझ्या टेबलाकडे वळते.

आमच्या विभागात एक अधीक्षक होते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एसटीचं वेळापत्रक असायचं. सकाळी रांग लागली की बाहेर येऊन विचारायचे, परतीची शेवटची गाडी कुणाची कितीची? पेठ-सुरगाण्याकडचे आधी, शहरातले मागून. शहरातले कुरकुरायचे, त्यांना ते समजावून सांगायचे. खणात रेव्हेन्यू स्टॅम्प, डिंकाची बाटली आणि कोऱ्या अर्जांचा गठ्ठा. एकदा एक बाई दुसऱ्या प्रतीच्या गुणपत्रिकेसाठी आल्या. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, अर्जावर सासरचं. आधीच्या खेपेला कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं होतं, त्याच्या आधी कुणी विवाहनोंदणीचा दाखला. साहेबांनी अर्ज तपासला, अजून जे जे लागणार होतं ते एका कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि म्हणाले, "बाई, एवढं आणा. याउपर इथलं कुणी काही मागणार नाही."

हे तू उद्यापासून कर. त्रुटी काढायच्या तर सगळ्या एकदम काढ आणि लेखी दे. "साहेब जागेवर नाहीत" म्हणताना कधी असतील तेही सांग. नियम आडवा येत असेल तर नियमाचा क्रमांक दाखव, आणि तो नियमच चुकीचा वाटत असेल तर तशी टिपणी वर पाठव. पाचव्यांदा पाठवलेली टिपणीही मंजूर होते, मी पाहिलंय. फाइल तुझ्याकडे किती दिवस पडून आहे, याची नोंद स्वतःच्या वहीत ठेव, कुणी मागितली नाही तरी.

वर्षभर असं करून बघ. तरीही संस्थेत जावंसं वाटलं तर खुशाल जा, तुझ्या आईशी मी बोलेन. पण तिथेही तुला आधी पावतीपुस्तकच हातात देतील, हे लक्षात असू दे.

दीक्षान्त समारंभाची कामं आता अंगावर येतील. पदवी प्रमाणपत्रांवरची नावं छापायला जाण्याआधी अर्जाशी स्वतः ताडून बघ, विशेषतः आईचं नाव. तिथली चूक दुरुस्त करायला मुलांना फार हेलपाटे पडतात.

तुझी,
मावशी