न्याहारीच्या चहाची पारख : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी लग्नानंतर इंग्लंडमध्ये असते. दिवाळीला माहेरी येताना तिने चहाचे तीन डबे आणले. एकावर ‘इंग्लिश ब्रेकफास्ट’, दुसऱ्यावर ‘आयरिश ब्रेकफास्ट’ आणि तिसऱ्यावर ‘स्कॉटिश ब्रेकफास्ट’ असे लिहिले आहे. आम्ही नेहमीप्रमाणे आधण ठेवून, आले ठेचून, साखर आणि म्हशीचे दूध घालून तिन्ही करून पाहिले. तिन्ही सारखेच लागले आणि आमच्या नेहमीच्या सुट्या चहापुडीपेक्षा फिकेही वाटले. यांच्यात खरोखर काही फरक असतो का, आणि असल्यास तो ओळखायचा कसा?
— एक वाचक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : फरक असतो, आणि तो जाणवला नाही यात आपल्या जिभेचा काही दोष नाही. आपल्याकडची चहा उकळण्याची रीत दाट, गोड आणि एकजीव पेय मिळावे म्हणून रुळलेली आहे. आले, साखर आणि दूध यांच्यासह पाच-सात मिनिटे खळखळ उकळल्यावर पानातला हलका सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि मागे उरतो तो रंग आणि तुरटपणा, जो या तिन्ही डब्यांत थोड्याफार फरकाने सारखाच असतो. ती रीत सोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण पावसाळी सकाळी त्या चहाला तोड नाही. परंतु पारख करायची असेल तेव्हा चहा वेगळ्या तऱ्हेने करावा लागतो.

आधी या नावांविषयी. ‘ब्रेकफास्ट’ हे एखाद्या मळ्याचे किंवा प्रदेशाचे नाव नसून मिश्रणाचे नाव आहे, आणि त्यात काय असावे याचा कोणताही पक्का नियम नसल्यामुळे प्रत्येक व्यापारी ते आपापल्या अंदाजाने ठरवतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘इंग्लिश ब्रेकफास्ट’ या नावाने चक्क चिनी काळा चहा विकला जात असे. आज त्या नावाखाली बहुधा आसाम, श्रीलंका आणि केनिया येथील चहा एकत्र केलेले असतात. जुन्या वळणाचे काही व्यापारी त्यात चीनच्या आन्हुई प्रांतातला कीमुन चहाही घालतात. आयरिश मिश्रणात आसामचा वाटा पुष्कळच मोठा असतो, कारण तेथे चहा कडक करून त्यात सढळ हाताने दूध घालण्याची पद्धत आहे. स्कॉटिश मिश्रण सामान्यतः तिघांत सर्वांत जोरकस समजले जाते.

आपल्या सुट्या पुडीतही बहुधा सीटीसी (‘क्रश, टेअर, कर्ल’, म्हणजे चिरडणे, फाडणे, वळणे) पद्धतीचा चहा असतो. विल्यम मॅककर्चर यांनी १९३०च्या सुमारास आसामात या पद्धतीचे यंत्र आणले. त्यात दातेरी रुळांमधून पान चिरडले, फाडले आणि वळले जाते आणि त्याचे बारीक दाणे होतात, म्हणून ते पाण्यात पडताच भराभर रंग सोडतात. मुलीने आणलेल्या एका पिशवीत साधारण २ ते ३ ग्रॅम चहा असतो, आणि तो मगभर उकळत्या पाण्यात मुरवून वर चमचा-दोन चमचे पातळ गाईचे दूध घालावे, असा त्यांचा हिशेब असतो. तेवढ्याच चहात आपण अर्धा कप म्हशीचे दूध ओतले तर तो फिका लागणारच.

आता पारख. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० साली चहा चाखण्यासाठी तो कसा करावा याचे ३१०३ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्याचा गाभा असा की, दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा घ्यावा, त्यावर नुकतेच उकळलेले पाणी ओतावे आणि झाकण ठेवून ६ मिनिटे मुरू द्यावे. या पद्धतीने चहा सर्वांत रुचकर होतो असा त्या मानकाचा दावा नाही; प्रत्येक नमुना अगदी सारख्या रीतीने व्हावा, म्हणजे जो फरक जाणवेल तो चहाचाच असेल, एवढाच त्याचा हेतू आहे. आपण तिन्ही डब्यांतल्या पिशव्या कापून चहा छोट्या वजनकाट्यावर तोलून घ्यावा आणि चौथा नमुना म्हणून आपली नेहमीची पुडीही ठेवावी. चार सारखी झाकणाची भांडी आणि चार पांढऱ्या चिनी मातीच्या वाट्या घ्याव्यात. स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याकडे पाणी ९७-९८ अंशांवरच उकळते, पण काळ्या चहाला तेवढी उष्णता पुरेशी होते. मात्र पाणी उकळी फुटताच, त्याच क्षणी ओतावे.

सहा मिनिटांनी चहा वाटीत गाळून भांड्यातला चोथा उलट्या झाकणावर काढावा आणि सर्वांत आधी त्या ओल्या चोथ्याचा वास घ्यावा. माझ्या मते चहाची निम्मी ओळख येथेच होते. आसामचा वाटा मोठा असेल तर जो वास येतो त्याला चहाच्या व्यापारात ‘माल्टी’ म्हणतात, आणि तो कसा असतो हे आपल्याकडच्या बायकांना वेगळे सांगावे लागत नाही: बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना मोड आलेली, वाळवलेली नाचणी मंद आचेवर भाजू लागले की घरभर जो गोडसर, उबदार वास पसरतो, तोच. श्रीलंकेच्या उंच भागातला चहा असेल तर वास हलका आणि किंचित लिंबाच्या सालीकडे झुकणारा येतो. कीमुन असेल तर मंद धुरकट. चोथ्याचा रंग नव्या तांब्याच्या भांड्यासारखा लालसर आणि चमकदार असेल तर माल चांगला. काळपट आणि निस्तेज असेल तर तो जुना किंवा तयार करताना बिघडलेला समजावा.

मग चव. आपल्याकडे भुरका मारून चहा पिणाऱ्याला घरातले टोकतात; परंतु चहाचे जाणकार चमचाभर चहा मुद्दाम मोठा भुरका मारूनच तोंडात ओढतात, कारण त्यामुळे चहा हवेत मिसळून एकाच वेळी साऱ्या जिभेवर पसरतो आणि त्याचा गंध मागच्या बाजूने नाकापर्यंत पोहोचतो. या वेळी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. चहा तोंडात पाण्यासारखा पातळ वाटतो की भरीव, हे आधी पाहावे. मग हिरड्यांना आणि गालांच्या आतल्या बाजूला तरतरी येते का, हे पाहावे; कच्च्या जांभळासारखा नुसता तुरटपणा आणि ही तरतरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण तरतरी क्षणात येऊन ओसरते आणि तोंड स्वच्छ करते, तर नुसता तुरटपणा जिभेला चिकटून राहतो. घोट गिळल्यावर मागे काय उरते, हे शेवटी पाहावे. प्रत्येक वाटीनंतर कोमट पाण्याने चूळ भरावी, आणि चाखताना दुसऱ्याशी बोलू नये, कारण एकाचे मत ऐकले की दुसऱ्याची जीभ त्याच वाटेने जाते.

कोरा चहा चाखून झाल्यावर दुसरी फेरी दुधाची करावी. प्रत्येक वाटीत मोजून सारखेच दूध घालावे. दुधातले केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना बांधून ठेवते, म्हणून कोरा असताना बोचरा वाटणारा आयरिश चहा दुधाबरोबर एकदम गोलसर लागतो, तर कोरा असताना सर्वांत मोहक वाटलेला हलका चहा दुधात पार बुडून जातो. माझा अनुभव असा आहे की, म्हशीच्या दुधासमोर इंग्लिश मिश्रण टिकत नाही आणि आयरिश टिकते. आपल्या घरी म्हशीचेच दूध येत असेल, तर इंग्लिश ब्रेकफास्टचा डबा कोऱ्या चहासाठी राखून ठेवावा आणि आयरिश दुधासाठी वापरावा. आले कोणत्याच डब्यात घालू नये; ते आपल्या पुडीलाच शोभते.

प्रश्न : आम्ही एकाच दुकानातून, एकाच कंपनीचा चहा घेतो. आमच्याकडे तो लालसर आणि ताजा लागतो. पण माझ्या बहिणीच्या घरी, चिकोडीकडे बोअरच्या पाण्यात केलेला तोच चहा तपकिरी, मचूळ होतो आणि वर तवंगही येतो. तिला मिळालेला माल वाईट आहे का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : माल एकच आहे, फरक पाण्याचा आहे. बोअरच्या पाण्यात पुष्कळदा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. अशा कठीण पाण्यात चहाचा रंग काळवंडतो, तरतरी मावळते, आणि त्यातील कॅल्शियम व चहातली द्रव्ये हवेशी संयोग पावून वर पातळ तवंग धरतात. चमच्याने हलवल्यावर फुटलेल्या काचेसारखे त्याचे तुकडे होतात. दोन थेंब लिंबू पिळले की तो तवंग नाहीसा होतो आणि चहा उजळतो, यावरूनही कारण पटते. बहिणीच्या घरी पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसत असेल, तर आणखी पुराव्याची गरज नाही.

बेळगाव शहराला राकसकोप जलाशयाचे आणि हिडकल धरणाचे पाणी येते, आणि साठवलेले पावसाचे पाणी सहसा मृदू असते. शहरातल्या माणसाला परगावी गेल्यावर चहा ‘लागत नाही’, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. इंग्लंडमध्ये तर काही विक्रेते कठीण पाण्यासाठी वेगळे मिश्रण बांधून विकतात, आणि स्कॉटिश मिश्रण तेथील मृदू पाण्यासाठी जमवलेले असते असे सांगतात. वर उल्लेखिलेल्या मानकातही, जेथे चहा प्यायला जाणार तेथल्यासारखेच पाणी चाखणीसाठी घ्यावे, असे म्हटले आहे. ही अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण लंडनच्या पाण्यात उत्तम ठरलेला चहा चिकोडीच्या बोअरच्या पाण्यात उत्तम ठरेलच, असे कोणी सांगू शकत नाही.

बहिणीने पाणी पाच-दहा मिनिटे उकळून थंड करावे, खाली बसलेला गाळ न हलवता वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे आणि त्याचाच चहा करून पाहावा. पाण्याचा काही प्रमाणातला कठीणपणा एवढ्यानेच कमी होतो. त्यानेही भागले नाही तर पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी पहिल्या दोन-चार सरी सोडून स्वच्छ भांड्यात धरावे, गाळून-उकळून घ्यावे आणि त्यात एकदा चहा करावा. आपल्या चहाची खरी चव कशी आहे हे त्या एका कपात तिला कळेल, आणि मग तिच्या पाण्याला कडक आसाम सीटीसी घ्यावा की हलका चहा, हे ठरवणे सोपे जाईल. माझे मत कडक आसामकडेच झुकते, कारण कठीण पाण्यात हलक्या चहाचा गंध सर्वांत आधी मरतो.

प्रश्न : चांगला म्हणून महाग आसाम चहा आणला. कोरा करून ठेवला आणि थंड झाल्यावर पाहतो तर गढूळ, दुधाळ झालेला. यात भेसळ आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही, उलट हे चांगल्या, जोरकस चहाचे लक्षण मानले जाते. चहातल्या थिअफ्लेविनसारख्या द्रव्यांची कॅफीनशी जुळणी होऊन चहा निवताना ती पाण्यातून वेगळी होऊ लागतात, म्हणून चहा मलईसारखा गढूळ दिसतो. जाणकार त्याला ‘क्रीमिंग’ म्हणतात. पुन्हा गरम केला की तो नितळ होतो, हे आपण घरीच पाहू शकता. भेसळीची शंकाच असेल तर ओल्या गाळणकागदावर चिमूटभर कोरडा चहा पसरावा, वर थोडे पाणी शिंपडावे, थोड्या वेळाने चहा झटकून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात पाहावा. वरून रंग लावलेला असेल तर कागदावर डाग राहतात. लोखंडाचा कीस आहे का हे पाहायला चहावरून लोहचुंबक फिरवला तरी पुरते.

प्रश्न : बाहेरच्या डब्यांवर खर्च न करता घरच्या घरी असे मिश्रण करता येईल का?
— एक वाचक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : अवश्य करता येईल. आसामचा सीटीसी तीन भाग आणि दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला, अखंड पानाऐवजी तुकड्यांचा ऑर्थोडॉक्स (म्हणजे सीटीसी यंत्रात न चिरडता, पान वळून केलेला) चहा एक भाग, असे वजनाने घेऊन सुरुवात करावी. आसाम अंग आणि रंग देतो, निलगिरी गंध देतो. मोठे पान टाळावे, कारण बारीक दाणा दोन-तीन मिनिटांत उतरतो आणि मोठ्या पानाला पाच-सहा मिनिटे लागतात. शिवाय डबा हलला की दाणे तळाशी जातात आणि पाने वर राहतात, त्यामुळे सोमवारचा चहा आणि शनिवारचा चहा यांत मेळ राहत नाही. एका वेळी शंभर ग्रॅमच मिसळावे, वर सांगितल्याप्रमाणे चाखावे आणि प्रमाण वहीत टिपून ठेवावे. दूध घातल्यावर फिके वाटले तर निलगिरीचा भाग निम्म्यावर आणावा.

साठवणीत मात्र हयगय करू नये. चहा ओलावा आणि वास दोन्ही झटकन ओढतो. गेल्या आषाढात माझ्याच घरी चहाचा डबा मसाल्याच्या फळीवर राहिला. झाकण नीट बसले नव्हते, आणि आठवड्याभरात त्या चहाला लवंग-दगडफुलाचा असा वास लागला की तो कशानेही गेला नाही. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, उन्हापासून आणि चुलीपासून दूर, मसाल्यांच्या आणि देवघरातल्या उदबत्तीच्या वासापासूनही दूर ठेवावा, आणि पावसाळ्याच्या दिवसांत त्यात ओला चमचा कधीही घालू नये.