हजार डॉलरची भीती

ताई, तुमचा मुलगा सोळाचा, ऑटिस्टिक, कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, हातात आहे आणि तिथल्या ऑन्टारिओ प्रांतात निघायचंय. पुढे त्याला अपंगत्वाचा सरकारी भत्ता मिळेल का आणि त्याने काम धरलं तर तो बंद होईल का, असं तुम्ही विचारलंत. कुठला फॉर्म कुठे भरायचा ते सरकारी साइटवर सापडेल. बाकीचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून काल झोप लागली नाही.

आम्ही २०१७ला आलो. व्हिसाच्या मेडिकल तपासणीतच अडवलं होतं. मुलाच्या स्पेशल एज्युकेशनचा भार सरकारवर पडेल म्हणून पत्र आलं आणि तो खर्च आम्ही कसा उचलणार याचा आराखडा नाशिकला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिला. पुढच्याच वर्षी नियम बदलला, तो खर्च मोजणंच बंद झालं!

शाळेत मात्र डोळे उघडे ठेवा. मुलाला कुठल्या वर्गात घालायचं ते एक समिती ठरवते. त्या बैठकीत सगळे इतके गोड बोलले की मी सही करून मोकळा झालो. त्याचे हायस्कूलचे कोर्स 'के'ने सुरू होणारे, म्हणजे बिनक्रेडिटचे, हे दोन वर्षांनी कळलं. त्यावर हायस्कूल पास झाल्याचा डिप्लोमा मिळत नाही, नुसता दाखला मिळतो. माझा मुलगा रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणतो हो. क्रेडिटचं काय, एवढं एकच पहिल्या दिवशी विचारा.

आता पैसे. अठराव्या वर्षी ओडीएसपी, म्हणजे ऑन्टारिओचा अपंगत्व भत्ता, त्याच्या स्वतःच्या नावावर सुरू होऊ शकतो, आपला पगार त्यात धरत नाहीत. कर वगैरे कापून हातात येणाऱ्या कमाईतले महिन्याला १,००० डॉलर पूर्ण माफ. त्यावरच्या रकमेच्या ७५ टक्के भत्त्यातून जातात. म्हणजे १,४०० कमावले तर ३०० कापले, १,१०० त्याचेच राहिले. कॉलेजात पूर्णवेळ शिकत असेल तर काहीच कापत नाहीत.

आणि मी, जन्मभर लोकांची खाती लिहिलेला माणूस, हजारच्या वर गेलं की भत्ता बंद असं धरून बसलो. तो दुकानात ट्रॉल्या गोळा करतो. मॅनेजरला मीच सांगितलं, याला शनिवार देऊ नका. तो महिनाभर विचारत होता, बाबा, माझं काय चुकलं?

बचतीसाठी आरडीएसपी, म्हणजे अपंगांसाठीचं दीर्घ मुदतीचं बचत खातं, उघडा, आधी डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिट, म्हणजे अपंगत्वाची करसवलत, मंजूर करून घ्या. (आमच्या डॉक्टरांनी फॉर्मवर 'चालता येतं' एवढंच लिहून दिलं. दुसऱ्यांदा भरायला लावला.) या खात्यात सरकार किती घालणार हे ठरवताना एकोणिसाव्या वर्षापासून आपलं नाही, मुलाचं उत्पन्न बघतात, म्हणून त्याचं रिटर्न दरवर्षी भरायचंच. मग त्याचं उत्पन्न कमी असलं तर वर्षाला १,५०० टाकले की सरकार ३,५०० ग्रँट घालतं, शिवाय १,००० बाँड म्हणून, काही न टाकताही. ओडीएसपीत त्याच्या बचत-मालमत्तेवर ४०,०००ची मर्यादा आहे, पण आरडीएसपी त्यात मोजत नाहीत. फक्त घाईने काढू नका. गेल्या दहा वर्षांत सरकारने घातलेल्यातून, काढलेल्या एका डॉलरमागे तीन परत जातात.

एकटेपणाचं म्हणाल तर होते सवय. आपल्यामागे याचं कोण, हे नाशिकलाही होतंच, फक्त तिथे बहीण दोन गल्ल्या सोडून होती.

मॅनेजरकडे परत गेलो होतो. शनिवार आता दुसऱ्या मुलाला दिलाय. मोकळा झाला की सांगतो म्हणाला.