नणंदबाईंचं चूर्ण आणि संकष्टीची थरथर

पत्र थोडक्यात असं: "वय ५२. चार महिन्यांपूर्वी टाइप टू मधुमेह निघाला, एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४. सकाळी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन ५००. मोठ्या नणंदबाईंनी एका वैद्यांकडचं चूर्ण आणून दिलंय, दोन वेळा एकेक चमचा. पुडीवर काही लिहिलेलं नाही. तीन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर १६८ वरून ११८ वर आली. नणंदबाई म्हणतात, आता गोळ्या सोड, त्यांनी किडनी जाते. पण गेल्या संकष्टीला दुपारी चारला हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला. साखरपाणी प्यायले तेव्हा थांबलं. घरात कुणाला सांगितलं नाही. हे म्हणतात, ताईचं मन मोडू नकोस. काय करू?"

प्रिय ताई,

आधी त्या दुपारबद्दल, कारण तुम्ही पत्रात ती दोन ओळींत उरकलीत आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या वेळी मोजलं नसलं तरी लक्षणं साखर उतरल्याचीच आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती बघत नाही. सकाळी गोळी, वर चूर्ण आणि चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं, मग दुसरं काय होणार? हे आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा आणि घरातही सांगा. पुन्हा तसं झालं तर ओळखणारं कुणीतरी शेजारी हवं.

पुन्हा झालं तर मशीनवर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या. १५ मिनिटांनी परत मोजा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच घ्या. सावरल्यावर पोटभर खा, कारण या गोळीचा असर बराच वेळ राहतो आणि साखर परत उतरू शकते. मशीन हाताशी नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका. बोलणं अडखळलं, शुद्ध हरपू लागली, तर तोंडात काही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा. हे शेवटचं घरच्यांना आत्ताच वाचून दाखवा.

आता चूर्ण. ते आजपासून बंद ठेवा. वनस्पतींवर माझा राग नाही. गुडमारचं पान चावून वर साखरेचा दाणा जिभेवर ठेवला, तर तो वाळूसारखा लागतो आणि ही चव अर्धा तासभर तशीच राहते. त्या पानातली द्रव्यं जिभेवरची गोडाची जाणीव अडवतात. मेथीतला चिकट चोथा जेवणातली साखर हळूहळू रक्तात जाऊ देतो. मेटफॉर्मिनचा उगमसुद्धा एका युरोपीय वनस्पतीतल्या द्रव्यात आहे. १९५७ मध्ये फ्रेंच डॉक्टर ज्यां स्टर्न यांनी ती माणसांवर वापरून दाखवली. फरक इतकाच की गोळीत किती औषध आहे ते ठाऊक असतं, तुमच्या पुडीत काय आहे हेच ठाऊक नाही. बिननावाच्या चूर्णांत साखरेच्या ॲलोपॅथिक गोळ्या कुटून घातल्याचं तपासणीत आढळलेलं आहे. तुमच्या पुडीत तसं असेलच असं मी म्हणत नाही. पण असलं, तर तुम्ही एकाच जातीचं औषध दोनदा घेताय. भस्म घातलेलं असेल तर शिसं-पाऱ्याचीही शंका येते. पुडीसोबतच्या कागदावर 'मधुमेह मुळापासून बरा' असं छापलं असेल तर त्या शब्दावर विसंबू नका. अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

काही घरगुती घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून मेथी घ्या. एक छोटा चमचा दाणे, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट चावून खा. गोळ्या आणि मेथी यांत दोन तास जाऊ द्या, नाहीतर त्याच चोथ्यात औषधही अडकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मेथी डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको. एका वेळी एकच गोष्ट सुरू करा. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि मेथी एकदम घेतलीत तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा, कधीच कळणार नाही. दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे नको, त्याने विषबाधा होते. कुंडीतल्या 'इन्सुलिनच्या झाडात' इन्सुलिन नसतं, आणि असतं तरी पोटात ते पचून गेलं असतं.

किडनीचं म्हणाल, तर मेटफॉर्मिन किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच अशक्त असेल तर तिचा डोस कमी करावा लागतो, त्यावरून हा समज पसरला. किडनी बिघडवते ती वर्षानुवर्षं वाढलेली साखर. वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. मेटफॉर्मिनने बी-१२ मात्र कमी होऊ शकतं. शाकाहारी असाल आणि तळव्यांना मुंग्या येत असतील तर तेही तपासून घ्या.

११८ हा एका सकाळचा आकडा आहे. गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब एचबीएवनसी सांगतं. सोबत हिमोग्लोबिनही करा, कारण लोह कमी असेल तर एचबीएवनसी फसवं येतं. घरी एक दिवस न्याहारीच्या, दुसऱ्या दिवशी दुपारच्या, तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा, ताटात काय होतं ते शेजारी लिहा. बोट आधी धुवा. आंबा चिरलेल्या हाताने मोजलं तर आकडा आंब्याचा येतो.

या वहीतून तुम्हाला ताट कळेल. ज्वारीची भाकरी 'चालते' म्हणून तीन खाल्ल्या तर साखर चढणारच, ज्वारीतही बहुतेक पिष्टच असतं. एक भाकरी, वाटीभर उसळ, मोठी वाटी पालेभाजी, काकडी, ताक. आधी भाजी आणि उसळ, भाकरी मागाहून. गूळ आणि मध रक्तात साखरेसारखेच वागतात. दोन्ही जेवणांनंतर १५ मिनिटं चाला, आठवड्याला १५० मिनिटं भरली पाहिजेत.

गोळ्या सुटतात का? सुटू शकतात, पण वजनाच्या वाटेने. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत मधुमेह निघून सहा वर्षं न झालेल्या, वजन जास्त असलेल्या लोकांचं वजन देखरेखीखाली उतरवलं, तेव्हा वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. तिथे गोळ्या पहिल्या दिवशीच थांबवल्या होत्या, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. तो प्रयोग घरी करायचा नाही. अंगाने बारीक असलात तरी पोटाचा घेर मोजा. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या मधुमेहाच्या अभ्यासकांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. आपल्या अंगात चरबी अशी लपून बसते.

नणंदबाईंना नाही म्हणायचं काम तुमचं एकटीचं नाही. त्या ह्यांच्या बहीण आहेत, तेव्हा शेजारी बसून ह्यांनीच बोलावं: "ताई, तू हिच्यासाठी धावलीस. पण संकष्टीला ही घामाघूम झाली होती. वैद्यांकडून चूर्णात काय काय, किती किती आहे ते लिहून आण, डॉक्टरांना दाखवतो." यात त्यांच्या मायेला धक्का लागत नाही. वैद्य लिहून देत नसतील तर त्यांचं त्यांनाच उमगेल.

पुढच्या संकष्टीआधी डॉक्टरांना एवढंच विचारा की उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड घ्यायची की नाही, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. निर्जळी नको. दुपारी दही, मूठभर शेंगदाणे आणि एखादं छोटं फळ असू द्या. साबुदाण्याची खिचडी टाळा, ७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ६५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं. दुपारी तीनला एकदा मोजा. आकडा ७० च्या खाली दिसला तर उपास तिथेच सोडा, चंद्राची वाट बघू नका.