ड्रीम थ्रीडीमध्ये लांबट ग्रेन झेडच्या दिशेने उभे का होत नाहीत?

तुम्ही म्हणताय की ड्रीम थ्रीडीत, म्हणजे धातूची कृत्रिम सूक्ष्मरचना बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अ‍ॅक्सिस ओडीएफच्या (ग्रेनचे, म्हणजे धातूतल्या स्फटिककणांचे, अक्ष कुठल्या दिशेला हवेत ते सांगणाऱ्या) टेबलमध्ये ०, ९०, ० टाकलं तरी लांबट ग्रेन एक्सलाच आडवे पडतायत. यात सॉफ्टवेअरची चूक नाहीये, अँगल कुठल्या क्रमाने लागतात ते बघा. बुंगे पद्धतीत, म्हणजे तीन ऑयलर अँगलनी दिशा सांगायच्या पद्धतीत, आधी झेडभोवती फिरवायचं, मग फिरलेल्या एक्सभोवती, मग परत फिरलेल्या झेडभोवती. तिन्ही अँगल शून्य असताना ग्रेनचा सगळ्यात लांब अक्ष, म्हणजे ए, एक्सवरच असतो (बी आणि सी हे बाकीचे दोन अक्ष वाय आणि झेडवर), त्यामुळे फक्त मधला ९० केलात की ग्रेन स्वतःच्याच लांबीभोवती फिरतो, लाटणं जागच्या जागी गोल फिरावं तसा, दिशा बदलतच नाही.

०, ९०, ९० द्या. मधल्या ९० ने बी अक्ष झेडवर जातो आणि शेवटच्या ९० ने ए त्याची जागा घेतो. बी आणि सी सारखेच असतील तर पहिला अँगल काहीही ठेवा, खांब स्वतःभोवती फिरला काय नि न फिरला काय. वायच्या दिशेला हवे असतील तर ९०, ०, ०.

माझे एमटेकला यातच दोन दिवस गेले, कारण मी ग्रेनचा आकार आणि क्रिस्टलचं टेक्श्चर (आतल्या अणूंच्या जाळीची दिशा) एकच धरून बसले होते. अ‍ॅक्सिस ओडीएफ फक्त लंबगोलाचे अक्ष सांगतो, आतल्या जाळीची दिशा साध्या ओडीएफमध्ये वेगळी द्यावी लागते. लेझरने थर देऊन बनवलेल्या निकेल मिश्रधातूत बऱ्याचदा खांबासारखे ग्रेनही बिल्ड दिशेला (थर चढत जातात तिकडे) आणि जाळीची ००१ दिशा पण तिकडेच, म्हणून गोंधळ होतो, पण टाकायच्या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्याच.

आणि हो, बी बाय ए नि सी बाय ए (अक्षांच्या लांबीची गुणोत्तरं) दोन्ही १ असतील तर अँगल काहीही द्या, गोळ्याला दिशाच नसते. टेबलमधलं वेट (त्या दिशेला किती जोर द्यायचा तो आकडा) खूप कमी ठेवलं तर रँडम ग्रेनच जास्त दिसतील. ग्रेन भरायच्या बॉक्सची झेड उंची ग्रेनच्या लांबीच्या निदान काही पट ठेवा, नाहीतर सगळे वर-खाली कापले जातात आणि मग मोजलेली लांबी खरी नसते.

तयार झाल्यावर नुसतं चित्र बघून थांबू नका, फीचरचे, म्हणजे ग्रेनचे, शेप काढणारा फिल्टर लावून अक्षांचे ऑयलर अँगल तपासा, कडेला चिकटलेले ग्रेन सोडून. तिथे आकडे रेडियनमध्ये येतात, म्हणजे दुसरा अँगल १.५७ च्या आसपास हवा, तिसरा १.५७ किंवा ४.७१, कारण अक्षाचं कुठलंही टोक वर धरलं तरी ग्रेन तोच.