वाचकांचे प्रश्न : घरातलं विलगीकरण आणि ऑक्सिमीटरचा आकडा (मे २०२१)

प्रश्न : वडील ६६ वर्षांचे. कोविडची चाचणी पॉझिटिव्ह येऊन पाच दिवस झाले. डॉक्टरांनी तपासून घरीच ठेवायला सांगितलंय. ऑक्सिमीटर सकाळी ९८ दाखवतो, दुपारी धाकटा भाऊ बघतो तर ८६, परत मी लावला की ९७. कुठला आकडा खरा धरायचा? मिरजेला हलवावं का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : भाऊ वडिलांच्या समोर बसून आकडा वाचतो का, ते आधी बघा. यंत्रावरचे आकडे इंग्रजी असतात, आणि इंग्रजी ९८ उलट बाजूने वाचला की चक्क ८६ दिसतो. आकड्याशेजारची अक्षरं उलटी दिसत असतील तर तुम्ही चुकीच्या बाजूला बसला आहात. दुसरी गफलत दोन आकड्यांची होते. एक ऑक्सिजनचा, दुसरा नाडीचा. नाडीचा ७८ ऑक्सिजनचा समजून घाबरगुंडी उडते. आणि नाडीचा ९६ ऑक्सिजनचा समजून माणूस घरीच ठेवला जातो, ते तर फारच वाईट.

मोजायची रीत अशी. पाच मिनिटं शांत बसवा. हात गार असतील तर चोळून ऊब आणा, कारण गार बोटात रक्त कमी फिरतं आणि आकडा खोटा खाली येतो. नखाला रंग किंवा मेंदी असेल तर ते बोट सोडा. तर्जनी किंवा मधलं बोट नख वर ठेवून शेवटपर्यंत आत घाला, हात छातीच्या उंचीवर टेकवा, हलवू नका. पहिला आकडा लिहू नका. मिनिटभर थांबा, स्थिर झालेला लिहा. शंका आली तर लगेच दुसऱ्या बोटाला लावा, मग घरातल्या ठणठणीत माणसाला लावून बघा. त्यालाही ९० दाखवत असेल तर सेल बदला.

एवढं करूनही ९४ च्या खाली येत असेल तर आकडा खरा धरा आणि निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा. ‘बोलतायत, चहा मागतायत, मग कशाला?’ असं म्हणून थांबू नका. या आजारात ऑक्सिजन ८८ वर आला तरी काहींना धाप जाणवतच नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत जास्त जपायचं असतं आणि वडील आत्ता त्याच दिवसांत असणार. दर चार तासांनी मोजून, वेळ टाकून वहीत लिहा. दवाखान्यात तीच वही कामाला येते.

बसून ९४ किंवा वर असेल आणि धाप नसेल, तर यंत्र बोटात ठेवून सपाट फरशीवर सहा मिनिटं चालवा. वडिलांच्या वयाला तीन मिनिटं पुरे. सोबत कुणीतरी हवंच. चालल्यावर आकडा तीन किंवा जास्तने उतरला, किंवा ९४ च्या खाली गेला, की डॉक्टरांना लगेच कळवा. चालताना गरगरलं किंवा दम लागला तर तिथंच थांबवा.

प्रश्न : पालथं झोपल्याने ऑक्सिजन वाढतो म्हणतात. घरात उशा दोनच आहेत.
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : वाढतो, कारण पाठीकडचा फुप्फुसाचा भाग मोकळा होतो. उशा नसल्या तर वाकळा घट्ट गुंडाळून घ्या. एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत, दोन नडगीखाली. पोट दबलेलं नको. अर्धा तास ते दोन तास पालथं, मग उजव्या कुशीवर, मग टेकून बसणं, मग डाव्या कुशीवर. जेवल्यावर तासभर करू नये. गरोदरपणात, गंभीर हृदयविकारात, मणका किंवा मांडीचं हाड मोडलेलं असताना अजिबात नको. दवाखान्यात खाट मिळेपर्यंत हा आधार आहे. आकडा उतरलेला असताना याच्या भरवशावर घरी बसू नका.

प्रश्न : दोन खोल्या, संडास एकच. ब्लीचिंग पावडर किती टाकायची?
– एक वाचक, वाई

उत्तर : ३० टक्के क्लोरीनची पावडर असेल तर एक लिटर पाण्याला ३३ ग्रॅम. अंदाजाने नको, काट्यावर तोला. प्लास्टिकच्या बादलीत कालवा. पत्र्याची बादली खाऊन जाते. रोज ताजं करा, कालच्या पाण्यात जोर राहत नाही. संडासाची फरशी, नळ, कडी यांवर लावून दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा. ॲसिड किंवा संडास धुण्याचं कुठलंही औषध यात मिसळू नका, विषारी वायू निघतो. माणसाच्या अंगावर तर हे पाणी कधीच फवारू नये.

पण पावडरपेक्षा वारा महत्त्वाचा. हा आजार जास्त करून श्वासावाटेच पसरतो. रुग्णाला खिडकीच्या खोलीत ठेवा, खिडकी दिवसरात्र उघडी ठेवा आणि मधलं दार लावून घ्या. रुग्णाने संडासला शक्यतो सगळ्यांच्या नंतर जावं, मास्क लावून; पुढच्याने अर्धा तास थांबावं.

प्रश्न : मोबाइलवर फिरणाऱ्या चिठ्ठीत पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड लिहिलंय. आईला साखर आहे. द्यावं का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नका देऊ, कळकळीने सांगतो. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन लावावा लागलेल्या रुग्णांना दिसला आहे, तोही दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना फायदा दिसलेला नाही. उलट सुरुवातीलाच दिलं तर विषाणूशी लढायची ताकद दबते आणि साखर भडकते. काळ्या बुरशीचा आजार, म्हणजे म्युकरमायकोसिस, अशाच अंगात घर करतो. डॉक्टरांनी स्टेरॉइड आधीच सुरू केलं असेल तर मनाने बंद करू नका. रोज उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजा आणि आकडे त्यांना कळवा. एकच नाकपुडी चोंदली, गालाची एक बाजू दुखायला किंवा बधिर व्हायला लागली, डोळा सुजला, नाकातून काळपट पाणी आलं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्या.